एकतीस एप्रिल

डॉ. थत्त्यांनी माझी वही आणि कापडी बांधणीचं एक जाड पुस्तक शेजारी शेजारी उघडून ठेवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बोट ठेवत वाचत राहिले. मी समोरच्या खुर्चीत बसले होते. त्यांच्या उजव्या हाताला हेर्लेकर सर, डाव्या हाताला मृदुला. मृदुला माझ्या अर्जाच्या कागदांना टाचण्या लावत होती.

"मगदूम," थत्ते म्हणाले, "या हिप्परगीबाई किती दिवस व्हेंटिलेटरवर होत्या?"

"त्रेचाळीस दिवस, सर."

"आणि सुटल्या कशा?"

मी सांगितलं. कुसुम हिप्परगी जत तालुक्यातल्या प्राथमिक शिक्षिका. पायांपासून वर चढत जाणाऱ्या लुळेपणाचा आजार होता त्यांना. शुद्ध पूर्ण होती, पण बोट हलत नव्हतं, श्वासही आपला आपण घेता येत नव्हता. बऱ्या व्हायला लागल्यावर यंत्र काढलं की त्या घाबरून जायच्या आणि दोन मिनिटांत दम लागायचा. मग मी त्यांचा पलंग खिडकीकडे वळवून घेतला. बाहेर सायकल स्टँड होता. येणाऱ्या-जाणाऱ्या सायकली पापण्यांनी मोजायला सांगितल्या. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, दुसऱ्या दिवशी आठ. बाराव्या दिवशी त्या सलग चार तास यंत्राशिवाय होत्या.

थत्ते ऐकताना मान हलवत होते. मला वाटलं, झालं, जमलं.

"आणि ही तारीख काय आहे?" त्यांनी वही माझ्याकडे फिरवली.

"एकतीस एप्रिल," मी वाचलं आणि मला हसू आलं. "चुकलं, सर. तीस तारखेची माझी ड्यूटी रात्री बाराच्या पुढे लांबली होती. नोंद करताना मी तीसच्या पुढे एकतीस लिहून टाकलं. परवा अर्जासाठी पक्की प्रत करताना तसंच उतरवलं."

"असं होतं," थत्ते म्हणाले. "पण मग याच्यातही एकतीस एप्रिल कशी?"

त्यांनी ते कापडी पुस्तक माझ्याकडे फिरवलं. आत मृदुलाचं गोल, टपोरं अक्षर होतं. हिप्परगीबाई होत्या, खिडकी होती, सायकली होत्या, पाच मिनिटं आणि आठ मिनिटंही होती. माझ्या मोडक्या इंग्रजीतलं वाक्यन् वाक्य होतं. वर तारीख होती एकतीस एप्रिल, आणि पानाच्या तळाशी विद्यापीठाचा दोन वर्षांपूर्वीचा शिक्का.

ती मुलाखत कशाची होती ते सांगायला हवं. २००९ सालचा जून होता. मिरजेतल्या आमच्या हॉस्पिटलने आदल्या वर्षी श्वसनोपचाराचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला होता. व्हेंटिलेटरवरचे रुग्ण सांभाळायचे, त्यांचा श्वास हळूहळू मोकळा करायचा, घशातली नळी, ऑक्सिजन, रक्तातल्या वायूंचं प्रमाण हे सगळं बघायचं, त्याचं शिक्षण. त्यात थेट दुसऱ्या वर्षाच्या दोन जागा नोकरीतल्या माणसांसाठी ठेवल्या होत्या. बारावी विज्ञान, आठ वर्षांचा अनुभव आणि स्वतः हाताळलेल्या पन्नास रुग्णांच्या नोंदी एवढी अट. मला अकरा वर्षं झाली होती आणि नोंदी होत्या एकशे बारा. थत्ते पुण्याहून विद्यापीठातर्फे आले होते. हेर्लेकर सर आमच्या अतिदक्षता विभागाचे प्रमुख. मृदुला आवटी ही नव्या अभ्यासक्रमाची व्याख्याती, आणि माझी मैत्रीण.

थत्त्यांनी तिला विचारलं, "मॅडम, हे पुस्तक तुमचंच ना?"

"होय, सर. इंटर्नशिपचं."

"ही रुग्ण तुम्ही हाताळलीत?"

मृदुलाने टाचणी खाली ठेवली. "होय, सर," ती म्हणाली.

मला आधी राग आला नाही. मला वाटलं, ती गडबडली आहे, आता सावरून घेईल. मी तिच्याकडे बघत राहिले आणि ती कागदाकडे. मग मीच बोलले. "सर, मृदुला त्या महिन्यात इथे नव्हती. तिला कावीळ झाली होती, ती निपाणीला आईकडे होती. हेर्लेकर सरांना माहीत आहे. त्यांनाच विचारा ना."

हेर्लेकर सर आरामात बसले होते. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मृदुला तेव्हा इंटर्न होती," ते म्हणाले. "तिची हजेरी आहे, माझ्या सहीची. पद्मजा मदतीला असायची. आमच्याकडे मदतीला बरेच जण असतात."

थत्त्यांनी दोन्ही वह्या मिटल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "अनुभव कमी असला तर शिकवता येतं, मगदूम. दुसऱ्याच्या नोंदी आपल्या म्हणून आणल्या की मग मला काही करता येत नाही. तुम्ही जाऊ शकता."

मी उठले. बाहेर बाकावर दुसरा उमेदवार बसला होता, त्याने कशी झाली विचारलं. मी त्याला काय सांगितलं ते मला आठवत नाही.

मृदुला आणि मी एकाच आठवड्यात नोकरीला लागलो होतो. नेमणूकपत्रावर लिहिलं होतं 'ऑक्सिजन सहायक'. सिलिंडर ढकलायचे, नळ्या धुवायच्या, बाटल्यांत पाणी भरायचं. मी वीस वर्षांची होते, ती एकवीस. हेर्लेकर सर नुकतेच परदेशातून शिकून आले होते आणि त्यांनी हॉस्पिटलला दोन व्हेंटिलेटर घ्यायला लावले होते. यंत्रं आली, पण ती चालवणारं कुणी नव्हतं. सरांनी आम्हा दोघींना हाताशी धरलं. राउंड संपला की दुपारी विभागाच्या मागच्या खोलीत बोलवायचे. रबरी फुगा यंत्राला जोडून, फरशीवर खडूने फुप्फुसं काढून शिकवायचे. चुकलं तर ओरडायचे नाहीत, फुगा काढून हातात द्यायचे आणि म्हणायचे, "हा माणूस आहे असं समज आणि परत सांग." त्यांनीच आम्हाला पहिल्यांदा सांगितलं की बाहेर या कामाची वेगळी पदवी असते, करणाऱ्याला रेस्पिरेटरी थेरपिस्ट म्हणतात. आपण जे करतो त्याला नाव आहे, हेच आम्हाला नवीन होतं.

पुढे कर्नाटकातल्या एका कॉलेजात तो कोर्स निघाला. हॉस्पिटल एका वेळी एकीलाच बिनपगारी रजा द्यायला तयार होतं. माझे मार्क जास्त होते, नोकरीही तिच्यापेक्षा तीन दिवस आधीची. पण त्याच महिन्यात मृदुलाचं ठरलेलं लग्न मोडलं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. ती ड्यूटीवर यायची आणि धुतलेल्या नळ्या पुन्हा धुवत बसायची. एक दिवस कँटीनमध्ये मीच तिला म्हटलं, आधी तू जा. इथून बाहेर पडशील, बरं वाटेल. ती म्हणाली, "चार वर्षांनी मी आले की तुझा नंबर. मी इथलं सगळं सांभाळते, तू निर्धास्त जा." आम्ही दोघी मिळून सरांना सांगायला गेलो. सर म्हणाले, ठरलं तर मग.

ती गेली. दोघींचं काम मी एकटी करायला लागले. दोनाचे सहा व्हेंटिलेटर झाले. मी प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवायचे, कारण सरांनी सांगितलं होतं की पुढे उपयोगी पडेल.

शेवटच्या वर्षी मृदुला इंटर्नशिपला आमच्याकडेच आली आणि दोन महिन्यांत तिला कावीळ झाली. पदवीसाठी पन्नास रुग्णांच्या सविस्तर नोंदी लागत होत्या, तिच्या झाल्या होत्या एकोणीस. मी एसटीने निपाणीला तिला बघायला गेले. पिवळीधमक होऊन अंथरुणात पडली होती. तिने माझ्या वह्या मागितल्या. मांडायचं कसं तेवढं बघते म्हणाली. पुढच्या रविवारी मी त्या नेऊन दिल्या. महिन्याभराने तिने परत केल्या तेव्हा त्यांना खाकी कव्हरं घातलेली होती. मला केवढं कौतुक वाटलं होतं त्या कव्हरांचं.

पदवी घेऊन ती व्याख्याती झाली. मुलं तिला मॅडम म्हणायची आणि मला ताई. ती वर्गात शिकवायची आणि मी त्यांना रुग्णापाशी उभं करून दाखवायचे. मला त्याचं काही वाटत नव्हतं. माझा नंबर येणार होता.

मुलाखतीतून बाहेर पडले ती सरळ विभागात गेले. ड्यूटी चार वाजेपर्यंत होती, ती टाकून जायचं सुचलं नाही. तास झाला असेल नसेल, पाच नंबरच्या पलंगापाशी यंत्र ओरडायला लागलं. साठीतले एक गृहस्थ होते, जुना दम्याचा आजार. निवासी डॉक्टर दाब कमी-जास्त करून बघत होता. मृदुलाचे चार विद्यार्थी भोवती उभे होते आणि मृदुलाही होती, मुलाखती आटोपून आलेली. रक्तातला ऑक्सिजन उतरत चालला होता. तेवढ्यात सर आले. त्यांनी क्षणभर बघितलं आणि माझ्याकडे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पद्मजा, जरा बघ गं."

मी गेले. छातीला कान लावावा तसा स्टेथोस्कोप लावला. उजवीकडे हवा जात होती, डावीकडे नाही. नळी किती खोल आहे ते सांगणारा तिच्यावरचा आकडा बघितला. सकाळी बावीसवर होती, आता पंचवीसवर. "नळी आत सरकलीय, डॉक्टर," मी म्हटलं. "उजव्या फुप्फुसात गेलीय." निवासी डॉक्टरने ती मागे ओढली, मी धरली आणि पट्टी बदलली. मिनिटभरात आकडे वर आले. विद्यार्थ्यांपैकी एकाने वहीत लिहून घेतलं.

सरांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "तुझ्याशिवाय इथलं काही खरं नाही," ते म्हणाले आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

मी हात धुवायला बेसिनपाशी गेले. तिथे मला रडू आलं. नळ चालू ठेवून मी तशीच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी आणि आई भाजी निवडत होतो, तेव्हा मृदुला आली. आईला काही माहीत नव्हतं. मी घरी फक्त, नाही झालं, एवढंच सांगितलं होतं. आईने तिला नेहमीसारखं बस म्हटलं आणि चहा टाकायला आत गेली. मृदुला खुर्चीच्या कडेवर बसली.

"जुन्या वह्या आहेत ना तुझ्याकडे?" तिने विचारलं. "पहिल्या, कच्च्या?"

"आहेत."

"थत्त्यांना दाखवणार आहेस?"

मी तिला विचारलं की तू असं का केलंस. ती बोलायला लागली ती थांबेना. खोलीत 'होय' म्हणाली नसती तर पदवी गेली असती, नोकरी गेली असती. अभ्यासक्रमाला पदवीधर शिक्षक ती एकटीच आहे. ती गेली तर मान्यता जाईल आणि चौदा मुलं रस्त्यावर येतील. हे सगळं खरंच होतं, आणि पाठ करून आल्यासारखं होतं.

"वह्या मांडणी बघायला मागितल्या होत्यास," मी म्हटलं.

"मांडणीच बघणार होते. शपथ घेऊन सांगते, पद्मा. उतरवून काढायला सरांनी सांगितलं."

"कुठल्या सरांनी?"

ती माझ्याकडे बघायला लागली, जणू मीच काही विचित्र विचारलं होतं. "हेर्लेकर सरांनी. ते निपाणीला फोन करायचे. अभ्यासक्रम सुरू करायचा तर त्यांना त्याच वर्षी पदवीधर माणूस हवं होतं. म्हणाले, पद्मजाच्या वह्या आहेत ना, त्यातून घे. रुग्ण विभागाचे असतात, नोंदीही विभागाच्या. हजेरी मी बघतो म्हणाले."

चहा आला. आई कप ठेवून, मृदुलाच्या आईची चौकशी करून आत गेली. मृदुलाने कपाला हात लावला नाही.

"यंदा तुझा अर्ज आला तेव्हा मी घाबरले," ती म्हणाली. "सरांना जाऊन सांगितलं, तिच्या नोंदी आणि माझ्या सारख्या निघतील, काहीतरी करायला पाहिजे. मला वाटलं ते तुला आधी बोलावून सांगतील, या एकतीस वगळ आणि बाकीच्या दे. तुझ्याकडे शंभरावर होत्या. कुणाला काही कळलं नसतं."

हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. पन्नासच नोंदी द्यायच्या होत्या. कुणी नुसतं सुचवलं असतं तरी भागलं असतं.

"मग?"

"ते म्हणाले, येऊ देत अर्ज. माझं पुस्तक थत्त्यांसमोर कसं आलं, ठाऊक आहे तुला? ते ग्रंथालयाच्या कपाटात कुलपात असतं. सकाळी सरांनी शिपायाला पाठवून ते आणवलं. थत्त्यांना म्हणाले, नोंदी कशा असाव्यात त्याचा हा नमुना, याच्याशी ताडून बघा. मी शेजारीच होते, पद्मा."

मी तिला जायला सांगितलं नाही. तीच उठली. दारात तिने पुन्हा वह्यांचं विचारलं. मी म्हटलं, माझ्याकडेच राहतील. ती जिना उतरून गेल्यावर मी आतून कडी घातली, दिवसाढवळ्या.

त्या दुपारी मी थत्त्यांना पत्र लिहिलं. कच्च्या वह्या कागदात गुंडाळून, सुतळी बांधून, वर त्यांचा पत्ता घातला. सोमवारी ते गाठोडं घेऊनच घरातून निघाले. पोस्ट उघडायला वेळ होता, म्हणून आधी हॉस्पिटलात गेले.

सर केबिनमध्ये एकटेच होते. मी त्यांना विचारलं की पुस्तक तुम्ही आणवलंत का. त्यांनी नाकारलं नाही. बस म्हणाले. मी उभी राहिले.

"मृदुलाने सांगितलं वाटतं," ते म्हणाले. "हे बघ, पद्मजा. तू अर्ज करू नकोस असं मी तुला सांगू शकलो असतो. तू ऐकलं नसतंस. मी शिफारस दिली नसती, तर तू वर गेली असतीस. तुझं म्हणणं बरोबर ठरलं असतं आणि मला तुला सोडावं लागलं असतं."

"ठरलं होतं, सर. माझा नंबर होता."

"होता." त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले. "पण पदवी मिळाल्यावर तू इथे किती दिवस राहिली असतीस? पुण्याला गेली असतीस, आखातात गेली असतीस. जावंच माणसाने, मी तुझ्या जागी असतो तर गेलो असतो. पण माझ्याकडे सहा यंत्रं आहेत आणि महिन्याला तीस माणसं त्यांवर पडलेली असतात. मृदुलासारख्या मला दहा मिळतील. दर वर्षी चौदा तयार होतील. तुझ्यासारखी दुसरी नाही मिळायची."

ते हे मनापासून म्हणत होते. अकरा वर्षांत माझं एवढं कौतुक त्यांनी कधी केलं नव्हतं. मृदुलाला मी ओळखू शकत होते, ती घाबरली होती. सरांकडे बघताना मला माणूसच ओळखू येईना. त्यांचे तेच हात होते, ज्यांनी मला रबरी फुगा धरायला शिकवलं होतं.

"मी नोकरी सोडतेय," मी म्हटलं.

"कुठे जाशील? पदवीशिवाय कुणी यंत्राला हात लावू देणार नाही तुला. इथे सगळे तुला मान देतात." ते खरंच काळजीने बोलत होते. "पुढच्या वर्षी बघू. थत्ते पुढच्या वर्षी नसतील."

मी अनुभवाचा दाखला मागितला. त्यांनी कारकुनाला बोलावून माझी फाइल मागवली, नेमणूकपत्र काढलं आणि त्यावरून मजकूर सांगितला. 'ऑक्सिजन सिलिंडरची ने-आण व उपकरणांची स्वच्छता, अकरा वर्षे, काम समाधानकारक.' मी म्हटलं, सर, हे एवढंच? ते म्हणाले, कागदावर आहे ते लिहावं लागतं. मग सही केली.

गाठोडं मी पोस्टात टाकलं नाही. मृदुलाची दया आली म्हणून नाही, त्या चौदा मुलांसाठी म्हणूनही नाही. तसं मी पुढे काही जणांना सांगितलं आहे, पण ते खरं नव्हे. थत्त्यांनी वह्या बघितल्या असत्या आणि पुन्हा हेर्लेकर सरांनाच विचारलं असतं. सर काय सांगतात ते मी एकदा ऐकलं होतं. दुसऱ्यांदा ऐकायची माझ्यात ताकद नव्हती.

घरी आईला सगळं सांगायला दोन दिवस लागले. ती सरांच्या फोटोला हात जोडायची बाकी होती, इतकं मी त्यांच्याबद्दल घरात बोललेले. तिने एकच विचारलं, "मग तुझी शिकायची इच्छा अजून आहे का?" आहे म्हटल्यावर ती म्हणाली की मग इथे थांबू नकोस. भावाला ते पटलं नाही. एकतिसाव्या वर्षी पहिल्या वर्षाला बसणार, बरोबर अठरा वर्षांची पोरं, लोक काय म्हणतील, असं तो दोन आठवडे म्हणत राहिला. मग त्यानेच माझी ट्रंक बसच्या टपावर चढवली.

गोव्याच्या खालच्या बाजूला किनाऱ्यावरचं एक शहर. तिथल्या कॉलेजात मी बारावीच्या गुणपत्रिकेवर पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. दाखला जोडला नाही. पूर्ण चार वर्षं, पहिल्यापासून.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमचं पहिलं प्रात्यक्षिक झालं. वीस जण होतो. शिकवणारी मुलगी माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असेल. तिने कापड बाजूला केलं. मिरजेला दोन नंबरच्या पलंगापाशी होतं त्याच बनावटीचं यंत्र होतं. डावीकडचं बटण जरा दाबून धरावं लागतं, नाहीतर ते पहिल्या फटक्यात लागत नाही, हे मला तिथे बसूनही आठवत होतं.

तिने विचारलं, "तुमच्यापैकी कुणी याआधी व्हेंटिलेटर हाताळलाय?"

मुलं एकमेकांकडे बघून हसली. शेजारची कारवारची मुलगी माझ्याकडे वळली. वयाने मोठी, म्हणजे काहीतरी केलेलं असणार, असं तिला वाटलं असावं. मी हात वर केला नाही. तोंडातून शब्द आला असता तर पुढचा प्रश्न आला असता, कुठे, किती वर्षं, कुणाच्या हाताखाली. मी बाकाखाली दोन्ही हात एकमेकांत धरून बसले.

बाईंनी बटण दाबलं. यंत्र लागलं नाही. तिसऱ्या वेळी लागलं.

पस्तिसाव्या वर्षी मला पदवी मिळाली. आता मी नाशिकला एका मोठ्या हॉस्पिटलात श्वसनोपचार विभागाची प्रमुख आहे. हाताखाली अकरा जण आहेत, त्यातले चार पदवी नसलेले होते. त्यांना मी एकेक करून शिकायला पाठवलं, आणि प्रत्येक वेळी विभागाची ओढाताण झाली. मृदुला अजून तिथेच आहे, प्राचार्य झाली. आम्ही बोलत नाही.

सहा वर्षांपूर्वी हेर्लेकर सर निवृत्त झाले. त्या समारंभाची स्मरणिका मला टपालाने आली, पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. आत त्यांच्या विद्यार्थ्यांची यादी होती, देशात आणि परदेशात काम करणाऱ्या छत्तीस जणांची. वर लिहिलं होतं, 'सरांनी घडवलेली माणसं.' पहिलं नाव माझं होतं. पद्मजा मगदूम, पुढे पदवी, पुढे हुद्दा.

मी ते पान फाडायला घेतलं. मग वरची ओळ पुन्हा वाचली, आणि हात थांबला. त्यात खोडण्यासारखा एकही शब्द नव्हता.